बिग जॉन पॅटनचा डावा हात

विजेवर चालणाऱ्या हॅमंड ऑर्गनवरचं जॅझ म्हटलं की पहिलं नाव जिमी स्मिथचं निघतं. ते बरोबरच आहे. १९५६ पासून ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने जे वाजवून ठेवलंय, त्यापुढे बाकीचे झाकोळलेच. त्या झाकोळलेल्यांत माझा लाडका म्हणजे बिग जॉन पॅटन. मूळचा कॅन्सस सिटीचा, गायक लॉइड प्राइसच्या बँडमध्ये पियानोवर होता, पुढे ऑर्गनकडे वळला. त्याची ‘लेट ’एम रोल’ ही रेकॉर्ड ११ डिसेंबर १९६५ ला एंगलवुड क्लिफ्सला ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. मी न्यू जर्सीतच राहते, त्यामुळे त्या गावावरून जाणंयेणं असतंच. न्यूअर्कच्या डब्ल्यूबीजीओ रेडिओवर गाडीत यातली ‘लटोना’ कानावर पडली आणि ही रेकॉर्ड हवीच असं ठरलं.

मूळ प्रतीची किंमत परवडणारी नव्हती. नंतरच्या छपाईची एक वापरलेली प्रत मिळाली. विकणाऱ्याने ‘उत्तम’ असा शेरा मारला होता, पण उजेडात तिरकी धरल्यावर खाचांवर राखाडी साय धरलेली दिसली. सुई ठेवली तर नुसती खरखर आणि त्यामागे कुठेतरी ऑर्गन.

धुवायला घेतली. डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. लेबलवर प्लॅस्टिकचं झाकण दाबून धरलं, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवला, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून भांड्यांच्या जाळीत उभी वाळवली. (घरात आजोबांच्या जुन्या ७८च्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने खराब होतात.) दुसऱ्या धुण्यानंतर खरखर बरीच हटली.

खरी डोकेदुखी पुढे होती. खालचे सूर घुमत होते, एकमेकांत मिसळत होते. साध्या रेकॉर्डवर हे खपून गेलं असतं, इथे नाही. कारण या चौकडीत बासवादकच नाही. ऑर्गनवर पॅटन, गिटारवर ग्रँट ग्रीन, व्हायब्राफोनवर (काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) बॉबी हचर्सन, ड्रम्सवर ओटिस फिंच. खर्जाची सगळी जबाबदारी ऑर्गनवाल्याची, आणि या घराण्यात ती मुख्यतः डाव्या हाताने निभावतात. तो हातच ऐकू येत नसेल तर रेकॉर्ड घेऊन उपयोग काय?

आमचं घर जुनं, जमीन लाकडी. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच कपाटावर होते. स्पीकरच्या खर्जाने कपाट थरथरायचं, ती थरथर सुईत शिरायची आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर यायची. मग भिंतीच्या आतल्या लाकडी खांबांना स्क्रूने फळी पक्की केली आणि टर्नटेबल तिच्यावर नेलं. सुईच्या कागदावर दिल्याप्रमाणे छोट्या काट्यावर दाब मोजून दोन ग्रॅमवर आणला. फळीला स्पिरिट लेव्हल लावून पातळी तपासताना नवरा म्हणाला, “गणपतीचं मखरसुद्धा इतक्या काटेकोरपणे बसवत नाहीस.”

त्यानंतर ‘लेट ’एम रोल’ हा पहिलाच तुकडा लावला आणि डावा हात सुटा झाला. चालता, गोल, प्रत्येक सुराला सुरुवातीला बारीकसा ‘टक्’. हा टक् हॅमंडच्या पट्टीखालच्या विद्युत संपर्कांचा. कंपनीच्या लेखी तो दोष होता, जॅझवाल्यांना तोच आवडला. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीतातला पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यांपुढे येतो, पण हॅमंडमध्ये ना हवा ना हवेने वाजणाऱ्या रीड. त्याच्या बी-३ या मॉडेलमध्ये ९१ दातेरी पोलादी चकत्या चुंबकांसमोर फिरतात आणि त्यातून सूर तयार होतो. पट्टी दाबून ठेवा, सूर तसाच उभा राहतो.

म्हणूनच हचर्सनला बोलावणं मला या रेकॉर्डमधली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. ऑर्गनबरोबर सहसा सॅक्सोफोन असतो. व्हायब्राफोनचा सूर आघाताने जन्मतो आणि लगेच विरायला लागतो, ऑर्गनचा हटत नाही. ‘लटोना’त ऑर्गन, गिटार आणि व्हायब्राफोन एकत्र येतात तेव्हा आधी नुसता एक जाड आवाज ऐकू यायचा. आता धातूच्या पट्टीवर पडलेली काठी वेगळी कळते. शिवाय हा तोच हचर्सन, जो १९६४ मध्ये सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच’ या रेकॉर्डवर भलतंच आडवळणाचं वाजवत होता. ऑर्गन-जॅझला ‘बारमधलं संगीत’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

सगळंच सोनं आहे असं नाही. ‘द शॅडो ऑफ युअर स्माइल’ त्या काळी जो तो वाजवत होता, इथेही गोड आहे, पण त्यावाचून अडलं नसतं. दुसरी बाजू मात्र सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीच्या ‘द टर्नअराउंड’ने उघडते आणि ग्रीन त्यात एकच छोटी ओळ घोळवत बसतो, खाली डावा हात जराही न ढळता चालू. ही रेकॉर्ड कुठे दिसली तर आधी ही बाजू लावून बघा, पहिली नंतर.