पत्र्यावरचे गणित

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. गणित शिकवणारी माजी विद्यार्थिनी म्हणून मी नववीच्या वर्गासाठी एक काम सुचवते: शाळेच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठवायचे तर टाकी केवढी हवी?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे सांगून टाकू नये, मुलांनी एकके बदलून स्वतः काढावे. मग टेप घेऊन बाहेर पडायचे. पहिली चूक इथेच होते, उतरता पत्रा मोजला जातो. पाऊस मिळतो तो छपराने झाकलेल्या जमिनीएवढाच. उतार ३० अंशांचा असेल तर उत्तर सुमारे १५ टक्क्यांनी फुगते.

समजा झाकलेली जागा ३० बाय ८ मीटर, म्हणजे २४० चौरस मीटर. उडून, गळून जाणारे सोडून ०.८५ भाग हाती लागतो असे धरू. महिन्यात ३०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ६१,२०० लिटर. ३०० मुलांना हात धुवायला रोज दोन-दोन लिटर, म्हणजे महिन्याला १८,०००. गरजेच्या तिपटीहून जास्त! वर्ग खूश होऊन वही मिटतो. ती मिटू देऊ नये, खरे काम आता सुरू होते.

पाऊस सरासरीने पडत नाही. रोजचा तक्ता करावा: कालची शिल्लक, अधिक आजची आवक, वजा ६००. शिल्लक टाकीच्या मापापेक्षा जास्त आली तर वरचे पाणी वाहून गेले. शून्याखाली गेली तर त्या दिवशी नळ कोरडा. दोन मीटर व्यासाची, १.६ मीटर उंचीची टाकी सुमारे ५,००० लिटरची. (त्रिज्येऐवजी व्यास घातला की चौपट!) पावसाने दहा दिवस ताण दिला, तर भरलेली टाकीही नवव्या दिवशी पुरत नाही. म्हणजे टाकीचे माप महिन्याच्या पावसावर ठरत नाही, सर्वांत लांब उघडिपीवर ठरते. हे मुलांना तक्त्यातूनच दिसू द्यावे, घाई करू नये.

पाऊस मोजायला उभ्या, सरळ भिंतीचा डबा घ्यावा. तळाशी निमुळती बाटली चालत नाही, तिच्यातली उंची पावसाची उंची नसते.

शेवटी टाकीत काठी बुडवून पातळी घ्यावी, तक्त्याशी ताडावी. जुळले नाही तर ०.८५ बदलण्याआधी जोराच्या सरीत पन्हळ कुठे ओसंडते, ते छत्री घेऊन पाहून यावे.