मासळीचं पाणी आणि माझी घटपर्णी

फेब्रुवारीत घटपर्णी, म्हणजे किडे खाणारं झाड, घरी आणली तेव्हा तिच्या पानांच्या टोकांना किडे धरणाऱ्या सात-आठ सुरया लटकत होत्या. मे उजाडला तेव्हा एकही उरली नव्हती. पानांच्या कडा करपल्या होत्या आणि टोकाचा तंतू, ज्याला सुरई धरते, वाळून काडीसारखा झाला होता.

आमच्या फोंड्याच्या घरी मासळी धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या बुंध्यात ओततात. सासूबाई म्हणाल्या, "मांस खातं ना गो ते झाड? मग त्याला पण घाल की." मलाही पटलं! त्यांना एकट्यांना बोल लावत नाही. बागेतली माती आणि शेणखत घालून मातीच्या कुंडीत तिला बसवली ती मीच. या झाडांच्या मूळ जागी मातीत कस नसतो, म्हणून तर ती किडे धरतात. मुळांना खत आणि क्षार सोसत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोपटं उगवतं, त्याचीही तीच गोष्ट. रानातली घटपर्णी मात्र भारतात फक्त मेघालयात. माझी नर्सरीतली, व्हेंट्राटा नावाचा संकर.

पाणी आरओचं द्यावं एवढं मी ऐकलं होतं. देत होते ते मात्र मशीनच्या बाजूच्या नळीतून बादलीत पडणारं, वाया कशाला घालवा म्हणून. मशीन दुरुस्तीला आलेल्या मुलाने क्षार मोजणारा मीटर बुडवून दाखवला: पिण्याच्या पाण्याचा आकडा 38, बादलीतल्याचा 410. काढून टाकलेले क्षार सगळे त्या बादलीतच! कुंडीवर बाहेरून आलेला पांढरा थर मी इतके दिवस नुसता बघत होते.

मेच्या शेवटी तिला उपसली. मुळं काळी बघून पोटात गोळा आला. पण घटपर्णीची मुळं मुळातच काळी आणि दोऱ्यासारखी बारीक असतात. मेलेलं मूळ चिमटीत धरलं की पचकन दबतं, साल निसटून हातात येते. अशी कापून टाकली. नारळाच्या सोडणाचे तुकडे तीनदा पाणी बदलून भिजवले, कारण त्यातही मीठ असतं. त्यात स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (पांढरे हलके खडे) मिसळलं आणि भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत तिला बसवली. खत बंद. सकाळचं कोवळं ऊन लागेल अशा बेताने बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, कडेला टांगली.

मग जूनचा पाऊस आला. पत्रा धुऊन निघेपर्यंत दोन-चार दिवस थांबले, नंतर तिच्या पाण्यासाठी पागोळीखाली पिंप लावलं. दमट हवा आपल्याकडे फुकटच.

जुलैभर काही झालं नाही. जुनी पानं सुधारत नाहीत, बघायचं ते नव्या पानाकडे, आणि हे कळूनही मी रोज जुनीच निरखत असे. ऑगस्टमध्ये मधोमध पोपटी सुरळी दिसली. तिसऱ्या नव्या पानाच्या तंतूचं टोक तांदळाएवढं फुगलं, वर वळलं आणि महिनाभर वाढत राहिलं. झाकण घट्ट मिटलेलं. ऑक्टोबरात एका सकाळी ते उघडलं. आत तळाशी चमचाभर स्वच्छ पाणी होतं, झाडाचं स्वतःचं.

चार दिवसांनी त्यात दोन मुंग्या. सासूबाईंनी चष्मा लावून डोकावलं.

"एवढंच खाते?"