बाकू आधी, येरेवान शेवटी

आम्ही कॉकेशसला गेलो ते एका शिलालेखापायी. अझरबैजानची राजधानी बाकू, तिच्याजवळच्या सुराखानीत आतेशगाह नावाचं अग्निमंदिर आहे. तिथल्या एका देवनागरी लेखाची सुरुवात ‘श्री गणेशाय नमः’ अशी आहे आणि साल आहे संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५च्या आसपास. कॅस्पियनच्या काठी व्यापाराला गेलेली आपल्याकडची मंडळी तिथे राहायची, पूजा करायची. जमिनीतून आपोआप नैसर्गिक वायू निघायचा, तीच त्यांची ज्वालाजी. वायूचा उपसा वाढला तशी १९६९मध्ये ती विझली. आता नळानं गॅस आणून पेटवतात. उलट आपल्या सुरतेत आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या जुन्या कबरी आहेत, त्या मी शाळेत इतिहास शिकवत असताना मुलांना नेऊन दाखवल्या होत्या. तेव्हापासून मनात होतं.

अझरबैजान, जॉर्जिया आणि आर्मेनिया हे तिन्ही देश मिळून आपल्या गुजरातपेक्षा लहान. त्यामुळे ह्यांना वाटलं, एक गाडी ठरवू आणि फिरून येऊ. नकाशावर तसंच दिसतं. प्रत्यक्षात आम्ही निघालो त्या २०२४ साली अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यातली सीमा बंद, आर्मेनिया-तुर्कस्तान सीमा १९९३पासून बंद, आणि अझरबैजाननं २०२०पासून जमिनीवरून येणाऱ्या प्रवाशांना दार लावलेलं. बाकूहून जॉर्जियाची राजधानी तिबलिसीला जाणारी रात्रीची रेल्वेही २०२०पासून बंद होती. म्हणजे जॉर्जिया मध्ये आणि बाकीचे दोघे एकमेकांकडे पाठ करून. आर्मेनियाचा शिक्का घेऊन बाकूला उतरलं की चौकशी होते, असं जाऊन आलेल्या दोघातिघांकडून कळलं. तेव्हा क्रम आपोआपच ठरला: आधी बाकू, तिथून विमानानं तिबलिसी, मग रस्त्यानं आर्मेनियाची राजधानी येरेवान आणि परत घरी.

हे एजंटला पटवणं कठीण गेलं. त्याच्याकडे तयार पॅकेज होतं: सोबत महाराज (म्हणजे स्वयंपाकी), जैन जेवण, केबल कार, बाजारहाट आणि ‘ओल्ड सिटी फोटोस्टॉप’. येताजाता तिकीट बाकूचंच. “बेन, रिटर्न सस्तु पडे,” हे त्याचं पालुपद. येरेवानहून बाकूला सरळ विमान नाही, वाकडी वाट करून आधी जॉर्जियात परतावं लागेल, हे त्याला कागदावर काढून दाखवलं. शेवटी त्याचा नाद सोडला आणि मुलानंच अहमदाबादहून जाताना बाकू, येताना येरेवान असं तिकीट काढलं, दोन्हीकडे आखातात विमान बदलून.

दिवस ठरवणं हा आणखी एक घोळ. साल २०२४. नोव्हेंबरात बाकूला हवामान परिषद, म्हणजे हॉटेलांचे भाव आभाळाला. ऑक्टोबरात नवरात्र, बडोद्यात राहून गरबा चुकवायचा म्हणजे नणंदबाई आल्याच नसत्या. उरले अनंत चतुर्दशी ते घटस्थापना यांमधले दिवस, अर्थात पितृपंधरवडा. सासूबाईंनी नाक मुरडलं. श्राद्ध धाकटे दीर घालणार होतेच, शिवाय जॉर्जियात तेव्हा द्राक्षांचा हंगाम असतो हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “जा, पण तिथली दारू पिऊ नका.” (वन्संनी प्यायली. मातीच्या रांजणात मुरवलेली. आंबट होती म्हणे.)

मग व्हिसा. तिन्हींचे ऑनलाइन मिळाले. अझरबैजान आणि आर्मेनियाचे फारसा त्रास न होता. जॉर्जियाला कागद जास्त लागले: विमा, हॉटेलची बुकिंगं, परतीचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट. आणि तिथेच गाडं अडलं. पासपोर्टवर मी माधुरी, बँकेत माधुरीबेन. गुजरातेत खातं उघडलं की कुणी न विचारता बेन आणि भाई चिकटवतात. एरवी कुणाचं काही अडत नाही, पण परदेशातल्या माणसाला माधुरी आणि माधुरीबेन या दोन बायका वाटल्या तर काय करणार? बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा स्टेटमेंट उलटसुलट करून बघत म्हणाला, “एमां शुं वांधो छे, बेन?” मी म्हटलं, हाच वांधो आहे. तो मनापासून हसला, पण अर्ज, आधार, पासपोर्टची झेरॉक्स, सही जुळवणं हे सगळं झाल्याशिवाय बेन काही निघेना. ह्यांचा भाई मात्र बँकेतही नव्हता, का कुणास ठाऊक.

अर्ज गेला आणि ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी, वीज नाही, फोनचा पत्ता नाही. पासपोर्टांची फाइल तिसऱ्या मजल्यावर देवघराच्या कपाटात होती, तेवढं एक बरं. वीज आल्यावर फोन चार्ज केला तर व्हिसा मेलमध्ये येऊन पडलेला.

ठिकाणं छाटताना मी कठोर झाले. राणी तामारच्या काळातलं डोंगरातलं गुहानगर वार्दझिया काढलं. तिबलिसीहून जाऊन येण्यात अख्खा दिवस गाडीतच जातो आणि ह्यांचे गुडघे तेवढे चालणार नाहीत. मत्स्खेता ही जॉर्जियाची जुनी राजधानी आणि उप्लिस्त्सिखे हे कातळात कोरलेलं शहर एका दिवसात बसवलं, एकाच बाजूला आहेत. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून तो दिवस गोबुस्तानच्या उघड्या कातळावरच्या चित्रांना दिला. आर्मेनियात गेघार्दचा मठ आणि गार्नी जोडीनं. गार्नीचं देऊळ १६७९च्या भूकंपात कोसळलं होतं, दगड गोळा करून १९७५पर्यंत पुन्हा उभं केलं. आनी हे आर्मेनियाचं जुनं राजधानीचं शहर मात्र सोडावं लागलं. ते नदीपलीकडे, तुर्कस्तानात.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट तिबलिसी-येरेवान प्रवासाची. या रस्त्यावर मिनीबस धावतात, स्वस्त आहेत, पण मध्ये थांबत नाहीत. आणि हाघपात आणि सानाहिन हे दोन्ही मठ याच वाटेवर, देबेद नदीच्या दरीवर. आम्ही चौघांत मिळून गाडी केली आणि थांबे आधीच लिहून घेतले. जॉर्जियाचा सादाख्लो नाका ओलांडल्यावर पलीकडे बाग्राताशेनच्या नाक्यावर आर्मेनियाच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टात बाकूचा शिक्का पाहून विचारलं, तिथे काय काम होतं? वन्संनी मोबाइलवर ‘श्री गणेशाय नमः’चा फोटो काढून पुढे धरला. त्याला त्यातलं काही कळलं नसावं, पण शिक्का मारला. ड्रायव्हर हाघपातला तासाभरात “चला” म्हणू लागला, तेव्हा लिहून घेतलेला कागद दाखवावा लागला. सानाहिनही नीट बघून झाल्यावरच येरेवानचा रस्ता धरला.