वाळू मिसळलेलं बियाणं

बातम्यांचं भाषांतर हे माझं रोजचं काम. एका रात्री सुदानमधल्या एल फाशरची बातमी हाती आली. दार्फूरमधल्या या शहराला 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' या निमलष्करी दलाने मे २०२४ पासून वेढा घातला होता. आत अडकलेली माणसं 'अंबाझ' खात होती. अंबाझ म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, गुरांपुढे टाकतात ती. मी सवयीने लिहिलं, 'शहरावर उपासमारीचं संकट'. मग हात थांबला. संकट म्हटलं की ते आभाळातून कोसळल्यासारखं वाटतं. पण इथे तर रस्ते माणसांनी अडवले होते.

हात थांबायचं कारण होतं. मी तेव्हा अ‍ॅलेक्स डी वाल यांचं लेखन वाचत होते. युद्ध, दुष्काळ आणि मदतकार्य हा त्यांचा चाळीस वर्षांचा अभ्यास. १९८४-८५ च्या दुष्काळात दार्फूरमध्ये एरवीपेक्षा सुमारे ९५ हजार जादा मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज आहे. ऑक्सफर्डचे तरुण संशोधक म्हणून ते तेव्हा तिथे गावोगाव हिंडले, आणि अन्न नाही म्हणून माणसं मरतात हे सरधोपट उत्तर तिथे अपुरं पडलं. मेली ती बहुतेक लहान मुलं, आणि ती गेली गोवर, हगवण, हिवतापाने. उपाशी माणसं पाण्याच्या शोधात एका जागी गोळा झाली, पाणी घाण झालं आणि साथी पसरल्या.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. घरात पेरणीचं बाजरीचं बियाणं आहे आणि मुलं भुकेने रडताहेत. अशा वेळी लोक त्या बियाण्यात वाळू मिसळून ठेवत, म्हणजे कोणाचा हात तिकडे जायला नको. पोटाला चिमटा काढणं आपण किती सहज म्हणतो! बायका 'मुखैत' नावाची रानफळं गोळा करायच्या. ती कडू आणि तशीच खाल्ली तर बाधणारी, म्हणून पाणी बदलत कित्येक दिवस भिजत घालायची. पाणी आधीच कुठून तरी लांबून आणलेलं. या लोकांना मी 'असहाय' हा शब्द कधी वापरणार नाही. उद्याची शेती वाचवायची म्हणून ते आज उपाशी राहत होते.

तो दुष्काळ मुख्यतः पावसाने ओढ दिल्यामुळे पडला होता. त्याच काळातल्या इथिओपियाचं वेगळं. तिथेही जग पाऊस आणि पीक एवढंच बोलत होतं. पण बंडखोरांना चेपण्यासाठी लष्करी हुकूमशहा मेंगिस्तूची राजवट देशाच्या उत्तरेकडच्या तिग्रेमधल्या बाजारांवर विमानांतून बॉम्ब टाकत होती. व्यापारी रात्री चालत, बाजार अंधारात भरत. बाजार मोडला की धान्य असूनही पोचत नाही. डी वाल यांचं म्हणणं असं की उपाशी मारणं ही कृती आहे आणि तिला करणारा असतो. आपल्या 'उपासमार' शब्दात 'मार' आहे, पण मारणारा कुठेच दिसत नाही.

मदत संस्थांवरही ते कडक लिहितात. धान्य सैन्याकडे वळतंय हे दिसत असताना, परवानगी जाईल म्हणून गप्प बसणं त्यांना मान्य नाही. मला इथे जड जातं. एक ट्रक पोचावा म्हणून तोंड मिटलेल्या माणसाला मी चटकन दोष देऊ शकत नाही. पण ट्रक अडवणाऱ्याचं नाव निदान आम्ही, बातम्या लिहिणाऱ्यांनी तरी घ्यायला हवं.

नागरिकांना उपाशी ठेवून युद्ध लढण्याचा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१८ मध्ये ठराव २४१७ करून निषेध केला. जून २०२४ मध्ये एल फाशरचा वेढा थांबवा असाही ठराव झाला. ऑगस्टमध्ये शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं. त्याआधी पेंडही मिळेनाशी झाली होती.

त्या रात्री मी ओळ खोडून लिहिलं: 'रॅपिड सपोर्ट फोर्सेसने एल फाशरचं अन्न तोडलं, लोक पेंडीवर'. मथळा जागेपेक्षा दोन शब्दांनी लांब झाला. मी 'लोक पेंडीवर' खालच्या ओळीत घेतलं आणि दलाचं नाव वरच ठेवलं.