रीडर सध्या कोणाच्या हातात आहे? व्हीएम आणि स्मार्ट कार्ड, तीन आठवड्यांची प्रोग्रेस

मंडळी, चिपवालं कार्ड वाचणारा यूएसबी रीडर व्हीएमला, म्हणजे पीसीच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या पीसीला, कसा द्यायचा यावर बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आता थोडं जमून राहिलं आहे म्हणून टाकतो. मे महिन्यात नागपुरात दुपारी वरच्या खोलीत पीसी चालवणं म्हणजे मशीनवर अन्यायच, त्यामुळे सगळं काम रात्री अकरानंतर, कूलर लावून.

सुरुवात दादामुळे झाली. तो छोटी सरकारी कंत्राटं घेतो, ई-टेंडर भरायला त्याच्याकडे डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन आहे. क्लास ३ चं, कारण १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ मिळणं बंदच झालं. टोकनसोबतचं सॉफ्टवेअर विंडोजचं, माझ्या पीसीवर लिनक्स. म्हटलं विंडोजची एक व्हीएम उभी करू, टोकन तिला देऊ, म्हणजे टेंडरचं सगळं सामान एका डब्यात राहील आणि बाकी मशीन स्वच्छ. पण दादाच्या टोकनवर प्रयोग करायचे नव्हते, चुकीचे पिन पडले तर ते लॉक होतं आणि टेंडरची तारीख काही थांबत नाही. म्हणून बर्डीच्या बाजारातून एसीआर३९यू हा कॉन्टॅक्ट रीडर (कार्ड आत खुपसून वाचणारा) आणला, आधी त्याच्यावर हात बसवायचा.

नवीन लोकांसाठी एवढंच, की हे रीडर बहुतेक सीसीआयडी या यूएसबी क्लासचे असतात, म्हणून प्रत्येक रीडरला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, एकच चालतो. लिनक्समध्ये पीसीएससीडी नावाची सर्विस रीडर सांभाळते आणि सगळे प्रोग्राम तिच्यामार्फत कार्डाशी बोलतात. यातला सीसीआयडी ड्रायव्हर ल्युडोविक रूसो हा माणूस कितीतरी वर्षं सांभाळतो आहे, त्याची चालणाऱ्या रीडरची यादी बघूनच खरेदी करा, पैसे वाया जात नाहीत. आणि टोकन म्हणजे वेगळं काही नाही, रीडर आणि चिप एकाच डबीत.

पहिला आठवडा गेला तो रीडर व्हीएममध्ये टिकवण्यात. व्हीएम चालवायला केव्हीएम, ती सांभाळायला व्हर्ट-मॅनेजर, आणि सरावासाठी गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, फेडोरा लिनक्स. यूएसबी होस्ट डिव्हाइस म्हणून रीडर जोडला, आला, मला वाटलं झालं काम! दुसऱ्या रात्री तीच व्हीएम, तोच रीडर, आणि नाही आला. तिसऱ्या रात्री परत आला. सेटिंगमध्ये मी काहीच बदललं नव्हतं, मग हे असं काहून होऊन राहिलं ते कळेना. शेवटी होस्टचा, म्हणजे मूळ पीसीचा, लॉग उघडून बसलो तेव्हा उलगडलं, की होस्टवरची पीसीएससीडी कायम चालू नसते, कोणी सॉकेटवर (तिला बोलवायच्या दारावर) हाक मारली की उठते, काम नसलं की मिनिटभराने झोपते. ती झोपलेली असली की रीडर मोकळा, व्हीएमला मिळतो. पण ज्या रात्री मी आधी फायरफॉक्स उघडलेला असायचा त्या रात्री त्याचं कार्डाचं मॉड्यूल तिला उठवायचं, ती रीडर धरून बसायची आणि व्हीएमच्या वाट्याला बिझी. एका वेळी यूएसबी इंटरफेस एकाच्याच हातात राहतो, बस, एवढीच गोष्ट, पण आठवडा गेला. नुसती सर्विस बंद करू नका, सॉकेटसुद्धा बंद करा, नाहीतर पुढची हाक आली की ती परत उठते. जीपीजी हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा कार्ड सांभाळणारा एससीडिमनपण रीडर पकडतो, तोही बघा.

आता या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. घरात एक बंद पडलेलं जुनं टूजी सिम होतं, आणि ते ज्या एटीएम कार्डाएवढ्या प्लास्टिकमधून तोडलं होतं ती चौकटपण आईने बिलांच्या फाइलमध्ये जपून ठेवलेली. सिम परत त्या खाचेत बसवलं, मागून सेलोटेपची एकच पट्टी लावली, जास्त लावली की कार्ड रीडरमध्ये अडकतं. सिम हेही आयएसओ ७८१६ या चिप कार्डांच्या मानकाचंच कार्ड आहे, त्यामुळे रीडरला काही फरक पडत नाही. गेस्टमध्ये एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनलने गेलो, रीडर आणि कार्ड दाखवणारं पीसीएससी-स्कॅन चालवलं, तर ऍक्सेस नाकारला! रूटने चालवलं की चालतं. हे परवानग्या सांभाळणाऱ्या पोलकिटचं काम आहे, फेडोरात समोर लॉगिन करून बसलेल्या माणसालाच कार्डाला हात लावू देतात, एसएसएचवाल्याला नाही. माझ्या ग्रुपसाठी एक छोटा नियम लिहिला आणि दार उघडलं. मग एटीआर आला, म्हणजे कार्डाला रीसेट दिल्यावर ते स्वतःची जी ओळख सांगतं ती, पहिला बाइट ३बी.

मग स्क्रिप्टर उघडून हाताने कमांड दिल्या. आधी ए० ए४ ०० ०० ०२ ३एफ ००, म्हणजे मुळाची फाइल निवड. मग तशीच २एफ ई२, ही आयसीसीआयडीची फाइल, म्हणजे सिमचा स्वतःचा नंबर, ही वाचायला पिन लागत नाही. मग ए० बी० ०० ०० ०ए, दहा बाइट दे. उत्तर आलं त्याची सुरुवात ९८ १९, शेवटी ९० ००, म्हणजे कार्ड म्हणतं झालं तुमचं काम. ९८ १९ बघून आधी वाटलं चुकीची फाइल वाचली. मग सिम काढून उजेडात धरलं, वर बारीक अक्षरात छापलेला नंबर ८९९१ ने सुरू. प्रत्येक बाइटमधले दोन आकडे उलट करून ठेवलेले असतात! ९८ चं ८९, म्हणजे टेलिकॉम, १९ चं ९१, म्हणजे भारत. एकेक जोडी उलटवत पुढचे आकडे छापलेल्या नंबराशी लावत गेलो, सगळे जुळले. रात्रीचा दीड वाजला होता, कूलर घरघरत होता आणि मी एकटाच खोलीत हसत होतो. व्हीएमच्या आतून, होस्टला बायपास करून, एका मेलेल्या सिमने आपलं नाव सांगितलं, हा आनंद ज्याने केलं त्यालाच कळेल.

मधे दोन रात्री क्यूईएमयूच्या (केव्हीएमसोबत व्हीएम चालवणारा प्रोग्राम) इम्युलेटेड, म्हणजे नकली, कार्डाच्या मागे गेल्या. नाव बघून वाटलं होतं की यात होस्ट आणि गेस्ट दोघंही रीडर वाटून घेतील. तसं नाही, त्यातून गेस्टला दिसतं ते अमेरिकन सरकारच्या कॉमन ऍक्सेस कार्डासारखं कार्ड, होस्टवरची सर्टिफिकेटं घेऊन बनवलेलं. आपलं सिम किंवा टोकन जसंच्या तसं आत पाठवायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका, सरळ यूएसबी डिव्हाइस द्या.

तिसऱ्या आठवड्यात विंडोजची व्हीएम. टोकन दिलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्मार्ट कार्ड रीडर म्हणून दिसलं, सॉफ्टवेअर टाकलं, सर्टिफिकेट दिसलं. रविवारी दादाला बोलावलं, वहिनीने खाली तर्री पोहे केले होते ते वर घेऊन आला. मोठ्या स्क्रीनवर नीट दिसावं म्हणून मी व्हर्ट-मॅनेजरची खिडकी बंद करून आरडीपीने, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने, व्हीएमला जोडलं, आणि सर्टिफिकेट गायब.

"अबे, मघाशी तर होतं न?"

"होतं न दादा, थांब."

"टोकन खराब नाही न झालं? गुरुवारी शेवटची तारीख आहे."

टोकनचा लाइट लागलेला, आरडीपी बंद करून परत व्हर्ट-मॅनेजरच्या खिडकीतून बघितलं तर सर्टिफिकेट हजर! दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच. हे विंडोजमध्ये मुद्दाम तसंच केलेलं आहे. आरडीपीच्या सेशनमध्ये कार्डाचं प्रत्येक मागणं ज्या मशीनसमोर माणूस बसला आहे तिकडे पाठवलं जातं, त्या विंडोजला स्वतःला लागलेले रीडर त्या सेशनला दिसतच नाहीत. विचार केला तर बरोबरच आहे, माणूस जिथे बसतो तिथेच त्याच्या हातात कार्ड असणार. पण आपल्या व्हीएमवाल्यांना हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून इथे ठळक सांगतो: रीडर व्हीएमला दिला असेल तर त्या व्हीएममध्ये आरडीपीने जाऊ नका, आणि आरडीपीने जायचं असेल तर रीडर व्हीएमला देऊ नका.

मी दुसरी वाट घेतली. टोकन व्हीएमकडून काढून होस्टला दिलं, पीसीएससीडी परत चालू केली आणि फ्रीआरडीपी हा लिनक्सवरचा आरडीपी प्रोग्राम स्मार्टकार्डच्या पर्यायासह चालवला. सर्टिफिकेट आलं, दादाने स्वतः पिन टाकला (पिन त्याचा, मी मान वळवतो), सही झाली आणि टेंडर मंगळवारीच गेलं.

पण यात माझी पंचाईत अशी की सिमच्या प्रयोगाला पीसीएससीडी बंद पाहिजे आणि दादाच्या टोकनला चालू पाहिजे. रोज चालू-बंद करणं मला पटत नव्हतं. उपाय पीसीएससीडी ज्याचा भाग आहे त्या पीसीएससी-लाइटमध्येच निघाला, "पीसीएससीलाइट फिल्टर इग्नोर रीडर नेम्स" नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, नावात अंडरस्कोर लावायचे, त्यात रीडरच्या नावाचा तुकडा लिहिला की सर्विस त्या रीडरला सोडून देते. सर्विसच्या ओव्हरराइड फाइलमध्ये एसीआर३९यू लिहिलं. आता टोकन होस्टकडे, रीडर फेडोराकडे, दोन्ही एकदम चालतात, कालपासून एकदाही भांडण नाही.

लिबव्हर्टमध्ये (व्हर्ट-मॅनेजरच्या मागे हेच काम करतं) रीडर देताना बस आणि डिव्हाइस नंबर देऊ नका, काढून लावलं की नंबर बदलतो, व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी द्या (एसीएसचा व्हेंडर ०७२एफ), आणि स्टार्टअप पॉलिसी ऑप्शनल ठेवा, म्हणजे रीडर लावलेला नसला तरी व्हीएम सुरू होते. व्हीएम चालू असताना काढून परत लावला तर मात्र तो आपोआप आत जात नाही, त्यासाठी यूडेव्हचा (लिनक्समध्ये डिव्हाइस लावल्या-काढल्याची दखल घेणारा) नियम लिहून राहिलो आहे, अजून पक्का नाही झाला.

पुढे एसीआर१२२यू हा दुसरा रीडर, एनएफसीवाला, म्हणजे कार्ड नुसतं जवळ धरून वाचणारा. तो गेस्टमध्ये पोचला आहे, पण तिथल्या कर्नलचं पीएन५३३ मॉड्यूलच त्याला आधी धरतं, पीसीएससीडीला मिळत नाही. ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करायचं आहे, आज रात्री बसतो.