भोंगा बंद, दिवा चालू

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ग्रेट ओशन रोडवर, लॉर्न आणि अपोलो बे यांच्या मधे वाय रिव्हर हे चिमुकलं गाव आहे. जानेवारीत ते पर्यटकांनी ओसंडून वाहतं, पण गावात सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नाही. प्रत्येक घराचं पाणी कप्प्याकप्प्यांच्या टाकीत शुद्ध करून त्याच्याच आवारात मुरवायचं, आणि आवार म्हणजे नुसता चढ-उतार. 2015 च्या नाताळात वणव्याने इथली आणि शेजारच्या सेपरेशन क्रीकची मिळून 116 घरं जळाली. त्यानंतर बांधलेल्या, सुट्टीसाठी भाड्याने देतात अशा एका घरातून मला प्लंबर म्हणून बोलावणं आलं. तक्रार वासाची, आणि उताराखाली ओल येत असल्याची.

टाकीच्या इशारा-पॅनेलचा लाल दिवा चालू होता, भोंगा मात्र कुणीतरी बंद केलेला. भोंगा दाबून गप्प करता येतो. दिवा पंपाच्या कप्प्यातली पातळी उतरल्याशिवाय विझत नाही.

अशा वेळी झाकणाला हात घालण्याआधी ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, ऐकावा. त्याची बारीक घरघर सतत चालू हवी. इथे चिडीचूप! ब्लोअर नेमका झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली, म्हणून पाहुण्यांनी सॉकेटचं बटणच बंद केलं होतं. हवा थांबली की मैला पचवणारे जिवाणू गुदमरतात. शिवाय बसलेला गाळ मागच्या कप्प्यात परत नेणारी नळीही त्याच हवेवर चालते, त्यामुळे गाळ पुढे सरकत थेट पंपापर्यंत येतो. घर सहा जणांच्या हिशोबाने आखलेलं, आणि कठड्यावर टॉवेल वाळत होते डझनभर. माणशी रोजचे 150 लिटर धरले तर 900 च्या जागी 1,800 लिटर.

पंपाची वीज तोडून झाकण उघडलं. पातळी वाढली की पंप चालू करणारा फ्लोट मोकळा होता, वर तरंगत होता. म्हणजे दोष पुढे. पाणी जमिनीत मुरवणाऱ्या ठिबक नळ्यांच्या तोंडाशी असलेला चकत्यांचा फिल्टर सोडवला, तर चकत्यांमध्ये काळा, बुळबुळीत थर. पंप ढकलतोय, पाणी जात नाही, तो तापून बंद पडतो, आणि कप्पा भरून पाणी झाकणाच्या फटीतून उतारावर. खाली नदीच्या मुखाशी मुलं डुंबत असतात, त्यामुळे हे उद्यावर ढकलण्यासारखं काम नव्हतं.

चकत्या सुट्या करून धुतल्या. धुण्याचं पाणी टाकीच्या पहिल्या, मैला बसतो त्या कप्प्यात ओतायचं, गवतावर नाही. मग नळ्यांच्या टोकाच्या झडपा एकेक उघडून गाळ काढला, तो पिंपात धरून तोही पहिल्या कप्प्यातच. टँकरने पहिला कप्पा उपसला. उपसल्यावर त्यात लगेच साधं पाणी भरावं लागतं. ओल्या जमिनीत रिकामी प्लॅस्टिकची टाकी वर उचलली जाते. झाकणातून वाकून आत पाहण्याचा मोह टाळावा. सडक्या अंड्यांचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नव्हे, नाक बधिर झालेलं असू शकतं.

ब्लोअर सुरू केला, तरी जिवाणू पुन्हा जोमात यायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर ब्लीच नको, एका दिवशी कपड्यांचे चार घाणे नकोत. आणि ते सॉकेट? मालकाला कायमची, बटण नसलेली जोडणी करून घ्यायला सांगितलं. त्यासाठी इलेक्ट्रिशियन लागतो, प्लंबरचं ते काम नाही.