शनिवारचा पिक्चर ठरतो शुक्रवारी, नारळ खवताना

मागच्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. शनिवार, रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं, मुगाची खिचडी ताटात वाढलेली, पापड भाजलेले, आणि आम्ही चौघं टीव्हीसमोर. रिमोट माझ्या हातात. मी खाली खाली जातेय, नवरा मोबाईलवर प्रत्येकाचं आयएमडीबी रेटिंग वाचतोय (“सहा पूर्णांक एक, सोड”), लेक प्रत्येक पोस्टरला “हे मी बघितलंय” म्हणतेय, कधी बघितलंस विचारलं तर रील्समध्ये, म्हणजे एका मिनिटात तिचा अख्खा पिक्चर बघून झालेला. सासूबाई मधूनमधून “काहीतरी एक लावा गं, मला गोळी घ्यायचीय” म्हणतायत. सहा ट्रेलर बघून झाले. नऊ पंचावन्नला शेवटी कंटाळून एक काहीतरी लावलं, दहा पाचला सासूबाई घोरायला लागल्या, सव्वादहाला नवरा आणि लेक आपापल्या फोनमध्ये, आणि मी थंड खिचडीचं पातेलं घासायला उठले. पंचेचाळीस मिनिटं निवडण्यात गेली आणि वीस मिनिटं बघण्यात.

भांडी घासता घासता डोक्यात आलं की बघण्यासारखं काही नाही असं नाहीये, उलट ढीग पडलाय. गडबड वेळेची आहे. नऊ वाजता सगळे दमलेले, भुकेलेले, त्या वेळी कुणी काही निवडत नसतं, फक्त “हे नको” एवढंच म्हणायची ताकद उरलेली असते. चार जण चार नकार घेऊन बसले की अमिताभचा असो नाहीतर अलकाताईंचा, कुठलाच पिक्चर पास होत नाही.

माझ्या वयाच्या लोकांना लगेच दूरदर्शनचे उमाळे येतात, शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी, काय तो सुवर्णकाळ वगैरे. मलाही आले. ते मी सासूबाईंसमोर बोलून दाखवलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बास. त्या माहेरच्या गिरगावच्या, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा एकवीस वर्षांच्या, चाळीत एकाच घरी टीव्ही आणि त्या दोन खोल्यांत पस्तीस माणसं. “काय सुवर्णकाळ? पिक्चर ऐन रंगात आला की मधेच बातम्या, नाहीतर व्यत्ययाची पाटी. आणि पुढे उंच माणूस बसला की संपलं. तुला एवढी हौस असेल तर मी सांगते तेच बघ दर शनिवारी.” सुवर्णकाळाचा विषय तिथे मिटला. पण शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याचं खोबरं होतं. सासूबाई विळीवर दोन नारळ खवतात, मी समोर बसून पालेभाजी निवडते, लेक अभ्यास करतेय असं दाखवत तिथेच घुटमळते खोबरं खायला. त्या अर्ध्या तासात आमच्याकडे सगळं ठरतं, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, वॉशिंग मशीन दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं. मग पिक्चर का नाही? पुढच्याच शुक्रवारी विषय काढला आणि खरं सांगते दहा मिनिटांत ठरला. हात कामात असले की माणूस शांतपणे बोलतो, पोस्टर समोर नसतं, त्यामुळे “ह्याचा चेहराच आवडत नाही” छाप आक्षेप येत नाहीत, नुसती गोष्ट सांगायची, कशाबद्दल आहे, किती तासांचा आहे. ठरलं की लगेच कालनिर्णयवर शनिवारच्या चौकटीत नाव लिहायचं, दुधाच्या हिशोबाच्या खाली. एकदा तिथे लिहिलं की आमच्या घरात ते सुप्रीम कोर्ट, कुणी बदलत नाही.

पाळी लावलीय. चार शनिवार चौघांचे, पाचवा आला तर सुट्टी, त्या दिवशी ज्याला जे बघायचं ते आपापल्या स्क्रीनवर. ज्याची पाळी त्याने शेवटपर्यंत बसायचं, फोन न घेता. बाकीच्यांनी पहिली तीस मिनिटं तोंड उघडायचं नाही. हा तीस मिनिटांचा नियम आधी वीसचा होता, तो का वाढवला ते सांगते.

नवऱ्याची पाळी होती आणि त्याने ‘कोर्ट’ लिहिलं. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला आणि नंतर भारताकडून ऑस्करला गेलेला. आता पुरस्कारवाला पिक्चर म्हटलं की आमच्याकडे लोक आधीच उशी जवळ घेतात. एका म्हाताऱ्या शाहिरावर केस आहे, की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने जीव दिला. बस, त्या केसच्या तारखांवर तारखा. कॅमेरा एका जागी ठेवलेला, कुणी ओरडत नाही, पार्श्वसंगीत नाही, पंख्याखाली बसून वकील कायद्याची कलमं वाचतायत. विसाव्या मिनिटाला लेकीने घड्याळ दाखवलं, सासूबाईंनी “असंच आहे का सगळं?” विचारलं. मी पण बंद करायच्या बाजूने होते, आता कबूल करायला हरकत नाही. नवरा म्हणाला अजून थोडं, प्लीज.

मग ती सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर घरी निघते. दिवसभर काळ्या कोटात कलमं वाचत होती, तीच बाई लोकलने घरी येते आणि उभी राहून सगळ्यांचा स्वयंपाक करते, मुलं नवरा टीव्हीसमोर. सासूबाई एकदम सरळ बसल्या. “अगं बाई, ही तर आपल्यातलीच आहे की.” आणि थोड्या वेळाने, हळूच, “आणि उद्या जाऊन त्या म्हाताऱ्याला परत आत टाकायला बघणार.” तिथून पुढे एकशे सोळा मिनिटं संपेपर्यंत त्यांनी डोळे हलवले नाहीत. मी तर त्यांचाच चेहरा बघत होते. झाल्यावर गोळी घ्यायची विसरल्या म्हणून परत उठल्या.

त्या बाईंचं काम गीतांजली कुलकर्णींनी केलंय. पुढच्या शुक्रवारी सासूबाईंनी नारळ फोडायच्या आधीच विचारलं, ती वकीलबाई अजून कशात आहे का गं? लेकीने शोधलं आणि किंचाळलीच, कारण ‘गुल्लक’ मधली आई तीच! ती सिरीज लेकीने हॉस्टेलच्या मैत्रिणींकडून ऐकून ठेवली होती, उत्तरेकडच्या एका छोट्या शहरातलं मिश्रा कुटुंब, सीझनला पाचच भाग, आणि भाग पण अर्ध्या तासाच्या आसपास. आम्ही दोन शनिवार तेच बघितलं. वकीलबाई इथे गॅससमोर उभी राहून नवऱ्याला आणि दोन मुलांना अखंड बोलतेय आणि सासूबाई पदराने डोळे पुसून हसतायत. कोर्टसारखा पिक्चर आणि गुल्लकसारखी सिरीज, कुठलंही ॲप मला हे एकापाठोपाठ एक दाखवेल असं वाटत नाही. ॲप म्हणणार तुम्ही कोर्टाचा पिक्चर बघितलात, घ्या अजून अकरा कोर्टाचे.

तेव्हापासून आम्ही धागा पकडतो. एक माणूस आवडला की त्याच्या मागे जायचं, नट असो, दिग्दर्शक असो, कॅमेरावाला असो. अविनाश अरुणचा ‘किल्ला’ लेकीला आवडला, कोकणातला पाऊस आणि बदली होऊन आलेल्या आईचा मुलगा, तर तिथून त्याच्याच ‘थ्री ऑफ अस’ वर गेलो, परत कोकण, पण या वेळी स्मृती जायला लागलेली मध्यमवयीन बाई आपलं लहानपण शोधायला येते. तो बघून झाल्यावर घरात बराच वेळ कुणी बोललं नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, मला असं काही व्हायला लागलं तर मला पण गिरगावात एकदा फिरवून आणा.

परेश मोकाशीचा धागा सगळ्यात लांब चालला कारण त्यात भांडण झालं. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) लावला, फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला त्याची गोष्ट, आणि इतकी हसतखेळत सांगितलीय की लेकीला वाटलं हे सगळं बनवलेलं आहे. तारामतीचं काम पुरुषाने केलं हे तिला अजिबात पटेना, शेवटी अण्णा साळुंक्यांचा फोटो काढून दाखवला. आता नवरा नाशिकचा. फाळके जन्मले त्र्यंबकला, गेले नाशकात, त्यांचं स्मारक पांडवलेण्याच्या पायथ्याशी, त्यामुळे फाळके आमचे. सासूबाई म्हणाल्या, असतील, पण पिक्चर लागला कुठे? गिरगावात, कॉरोनेशनला, ३ मे १९१३! लेक मायलेकरांच्या मधे बसून खोबरं खात होती. निकाल लागलेला नाही. पुढच्या शनिवारी ‘एलिझाबेथ एकादशी’ लावून वातावरण निवळलं, एलिझाबेथ हे सायकलचं नाव आहे आणि सगळं पंढरपुरात घडतं एवढंच सांगते, घरात लहान मुलं असतील तर बाकी काही शोधूच नका.

एक गंमत मधेच आठवली. एकच पिक्चर माझ्या प्रोफाईलवर शोधला तर पोस्टरवर नवरा-बायको भांडताना, आणि लेकीच्या प्रोफाईलवर तोच पिक्चर तर त्यातला विनोदी नट दात काढून हसतोय. मला वाटलं टीव्ही बिघडला. पण हे मुद्दाम असतं, नेटफ्लिक्सने तर २०१७ मध्ये स्वतःच लिहून सांगितलं होतं की आम्ही माणूस बघून चित्र बदलतो. म्हणजे पोस्टर बघून “हलकाफुलका दिसतोय” म्हणण्यात काही अर्थ नाही, तुम्हाला हलकंफुलकं आवडतं म्हणून तो तसा दिसतोय. बरं आमच्याकडे सासूबाई दुपारी समोर येईल त्या प्रोफाईलवर जातात, ते बहुतेक वेळा लेकीचं असतं, त्यामुळे नववीतल्या मुलीला सध्या कीर्तन, संतपट आणि कोरियन सिरीज असं एकत्र सुचवलं जातंय.

बोलून शोधायचं बटण आहे त्याचा नाद मी सोडला. “वळू” म्हटलं तर त्याने व्हॅल्यू शोधलं, पुन्हा जोरात म्हटलं तर शेअर मार्केटचे व्हिडिओ आले. आता लेक फोनवरून टाईप करते. आणि सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं, त्यासाठी टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करायचा एक ऑप्शन असतो तो शोधा, आवाज वाढवून उपयोग होत नाही, नुसती गाणी वाढतात आणि शेजारचे काका बेल वाजवतात. मल्याळम वगैरे असेल तर आमच्यात तह झालाय, सासूबाईंच्या पाळीला हिंदी डबिंग, लेकीच्या पाळीला मूळ आवाज आणि खाली सबटायटल, आणि ती आजीला कानात सांगत बसते, जे डबिंगपेक्षा कितीतरी भारी असतं कारण त्यात तिची मतंही असतात.

पैशांचं थोडक्यात. आधी चार ॲप होती, आता एका वेळी एकच, दोन महिने झाले की बंद, मग दुसरं. धागा पकडून बघत असलो की कशात काय आहे ते आधी माहीत असतं म्हणून हे जमतं. एकाचा स्वस्तातला प्लॅन घेतला होता, तो फक्त मोबाईलवर चालतो हे पैसे भरल्यावर समजलं, चूक माझीच, वाचलं नव्हतं. दुसऱ्याचे वर्षभराचे आपोआप कापले गेले. कापायच्या एक दिवस आधी मेसेज येतो, आलाही होता, लोनवाल्यांच्या आणि लॉटरीवाल्यांच्या मेसेजात तो मला दिसलाच नाही.

शिव्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तेरा प्लस, सोळा प्लस लिहिलेलं असतं, त्याच्या बाजूला बारीक अक्षरात “भाषा, हिंसा” असं पण असतं, मी आता ते वाचते. तेव्हा वाचत नव्हते. एक गाजलेली क्राईम सिरीज लावली, पहिल्या पाच मिनिटांत हवालदाराने तोंड उघडलं, मी सोफ्याच्या फटीत रिमोट शोधेपर्यंत सात-आठ होऊन गेल्या, आई-बहिणीसकट. नवरा छताकडे बघतोय. लेक आजीकडे बघतेय. सासूबाई शांतपणे पापड मोडत म्हणाल्या, “गिरगावात नळावर याहून बऱ्या ऐकल्यात. पुढे काय होतं ते बघू दे.” पूर्ण सीझन बघितला त्यांनी. फक्त नवरा जेवायला दुसऱ्या खोलीत बसायचा.

उद्या माझी पाळी आहे. यादीत ‘भारत एक खोज’ आहे, सासूबाईंनीच सुचवलेलं, पण त्रेपन्न भाग म्हटल्यावर लेकीने कालनिर्णयवर पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. आणि उद्या नेमकी संकष्टी, चंद्रोदय नऊ चाळीसला, म्हणजे नैवेद्य होऊन पानं मांडायलाच दहा. उपाशीपोटी सासूबाई काही बघणार नाहीत आणि अकराच्या पुढे जागणार नाहीत. म्हणजे तासाभरात बसेल असंच काहीतरी हवं. ‘गुल्लक’ चा पुढचा सीझन बाकी आहे, दोन भाग होतील. लिहून टाकते चौकटीत. आज तीन नारळ काढलेत, मोदकांचा एक जास्तीचा, सासूबाई विळी घेऊन बसल्यासुद्धा आणि मी इथे टाईप करतेय.